खाँसाहेबांची तीन मिनिटे

एखाद्या कवीचे संग्रह आपण कालक्रमाने वाचतो. पिंक फ्लॉइडसारख्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे आल्बमही जाणते श्रोते त्याच शिस्तीने ऐकतात. मिरजेला घर केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (मृत्यू १९३७) वाट्याला मात्र ही शिस्त येत नाही. त्यांच्याविषयी लिहिताना 'आर्त', 'करुण' ही विशेषणे अशी येतात, की जणू तो आवाज जन्मतःच तसा होता.

१९०५ च्या सुमाराच्या तबकड्या ऐकाव्यात. तेथे गाणे धावते. १९३० च्या दशकातल्या तबकड्यांत हाच गायक एकेका स्वरावर रेंगाळतो. हा फरक यंत्राचा, असे कोणी म्हणेल: आधी भोंग्यासमोर जोर लावून गावे लागे, १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रणाबरोबर मायक्रोफोन आला. आवाजाच्या जोरापुरते हे मान्य. पण वेळेचे काय? तबकडीची बाजू तेव्हाही सुमारे तीन मिनिटांची, नंतरही तेवढीच. पिंक फ्लॉइडच्या १९७१ मधल्या 'एकोज'ला एलपीची अख्खी बाजू, तेवीस मिनिटे, मिळाली होती. खाँसाहेबांनी घाई सोडली ती त्याच तीन मिनिटांत. हा गायकाचा निर्णय होता, स्वभाव नव्हे; आणि त्यामागे कर्नाटक संगीताचा सहवासही असावा. (त्यांनी त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली, हे आपण वर्गात कधी सांगतो?)

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. तेथे जमणाऱ्या रसिकांनी निदान चार जुन्या तबकड्या आधी ऐकून यावे.