वाढ कुणाच्या माथी?

या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत एक साधी गोष्ट बऱ्याच वर्षांनी घडते आहे. नगरपरिषदेच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेली माणसे अंदाजपत्रकावर बोलायला बसत आहेत. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे बजावले. प्रत्यक्षात बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि मतदानाला डिसेंबर २०२५ उजाडला. निकाल लागले २१ डिसेंबरला. मधली वर्षे प्रशासकाची. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडायचेही त्यांनीच आणि मंजूरही त्यांनीच करायचे. त्यातल्या कित्येकांनी निष्ठेने काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पाणीपट्टी का वाढली, कामगारांचा पगार का थकला, हे विचारायला सभागृहच नव्हते.

आता ते आहे. सदस्य नवे आहेत, निम्म्या जागांवर महिला आहेत, थेट जनतेतून आलेला नगराध्यक्ष आहे. म्हणून या सभासदांना आमची पहिलीच विनंती अशी, की ही सभा सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात घालून अर्ध्या तासात उरकू नका.

अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती आले की सदस्य आधी आपल्या प्रभागाचे पान शोधतो. रस्ता आहे का, गटार आहे का, हायमास्ट दिवा धरला आहे का. मतदाराला दिलेला शब्द त्या पानावर असतो, त्यामुळे हे स्वाभाविकच. पण ही भांडवली पाने बरीचशी राज्याच्या आणि केंद्राच्या निधीवर चालतात. गावाचा स्वतःचा पैसा कुठून येतो आणि कुणाच्या हातात जातो, हे महसुली पानांवर असते: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी आणि त्यांच्यासमोर पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, सफाईचा ठेका. ही पाने सर्वांत कमी उलगडली जातात. गावातल्या न्याय-अन्यायाचा हिशेब मात्र नेमका तिथेच मांडलेला असतो.

१९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरचा त्रास आणि चिरीमिरी गेली, ते बरेच झाले. पण पालिकेचे रोज गल्ल्यात पडणारे उत्पन्नही त्याबरोबर गेले. भरपाई म्हणून राज्याचे सहायक अनुदान आले आणि तेव्हापासून लहान पालिकेचा पगार मुंबईकडे डोळे लावून बसू लागला. अनुदान लांबले की पगार लांबतो. हाती उरले ते मुख्यतः मालमत्ता करासारखे मोजके स्रोत, आणि त्यांना हात लावायला सगळे घाबरतात.

कायद्याने दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हायला हवी. नवी घरे, वाढीव मजले, घराच्या जागी झालेली दुकाने यादीत यावीत आणि कर थोडाथोडा वाढावा, हा त्यामागचा हेतू. गावोगाव घडते ते वेगळेच. आकारणीचा विषय आला की निवडणूक जवळ असते. ‘तूर्त स्थगित’ असा ठराव होतो. एक फेरी चुकते, दुसरी चुकते, आणि मग कधीतरी एकदम नोटिसा निघतात. बिल दुपटीने वाढते, चौकात मोर्चा येतो, पुन्हा स्थगिती मिळते. या खेळात ज्याने नियमाने घरपट्टी भरली तो मूर्ख ठरतो आणि ज्याने वर तीन मजले चढवून जुन्याच नोंदीवर कर भरला तो शहाणा ठरतो. करवाढ लोकांना आवडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरीही आमचे मत असे, की वेळच्या वेळी होणारी लहान वाढ, उघड सुनावणीत हरकती ऐकून केलेली, हा मतदाराचा सन्मानच आहे.

फी वाढवताना मात्र क्रम पाहावा. आठवडी बाजारात पोते पसरून मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईकडून ठेकेदाराचा माणूस रक्कम घेतो. पावती कधी मिळते, कधी नाही. त्याच बाजाराच्या दर्शनी बाजूचे पालिकेचे गाळे जुन्या करारांवर नाममात्र भाड्याने चाललेले असतात, आणि काही तर मूळ गाळेधारकाने दुसऱ्याला कितीतरी जास्त भाड्याने परस्पर दिलेले असतात. बाजार फीचा दर वाढवण्याआधी गाळेभाड्याची यादी सभेत वाचून दाखवावी. ती नुसती मोठ्याने वाचली तरी पुष्कळ काही बदलेल.

पाण्याचेही तसेच. अर्धा इंची नळजोडाची पाणीपट्टी वर्षाकाठी ठरलेली. पाणी रोज येवो की तीन दिवसांआड, आणि घर दोघांचे असो की वर टाकी बांधून चार भाडेकरू ठेवलेले असोत. उपसा पंपांचे वीजबिल मात्र दरमहा येते. पाणीपट्टी आणि पाण्यावरचा खर्च यांतली तफावत कशातून भरली जाते, हा प्रश्न सभेत कुणीतरी विचारलाच पाहिजे. कारण त्याच्या उत्तरापाशी आम्हाला पोचायचे आहे.

ती तफावत अनेक ठिकाणी पगारातून भरली जाते. मतदारावर न टाकलेली वाढ गावात सर्वांत पहाटे उठणाऱ्या माणसाच्या माथी मारली जाते.

कायम सफाई कामगार निवृत्त झाला की ते पद अनेकदा रिकामे राहते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम कामगाराच्या वारसाला तरी नोकरीचा हक्क मिळतो. पण वाढलेल्या शहरासाठी वाढीव पदे मिळत नाहीत. आस्थापना खर्चाची टक्केवारी आधीच मर्यादेपलीकडे गेलेली असते. मग ‘बाह्य यंत्रणेमार्फत’ हे शब्द विषयपत्रिकेवर येतात आणि माणूस पगाराच्या पानावरून उठून ठेक्याच्या पानावर जातो. पगाराच्या पानावर त्याचे नाव होते, सेवापुस्तक होते, रजा होती. ठेक्याच्या पानावर तो एका रकमेचा भाग होतो.

त्या रकमेकडे सदस्यांनी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. समजा, कामाच्या अंदाजातल्या शंभर रुपयांपैकी सत्तर रुपये किमान वेतनाचे आहेत. ठेका सर्वांत कमी दराच्या निविदेला, पंच्याहत्तर रुपयांना गेला. सभेत टाळ्या वाजतात, पालिकेचे पंचवीस रुपये वाचले. मग उरलेल्या पाच रुपयांत घंटागाडीचे डिझेल, टायर, भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, हातमोजे, गमबूट आणि ठेकेदाराचा नफा कसा बसणार? तो बसतच नाही. कामगाराच्या सहीचा आकडा आणि त्याच्या हातात पडणारी रक्कम यांच्यात अंतर पडते. हे अंतर त्या सभेत सर्वानुमते मंजूर झालेले असते, मग कुणी ते वाचलेले असो वा नसो. आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती चुकती करण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवरच येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे सांगितले होते, नव्या कामगार संहितांतही ते तत्त्व कायम आहे.

गटारात उतरून माणूस दगावला तर त्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. आपल्या अंदाजपत्रकात गटार उपसणाऱ्या यंत्रासाठी आणि त्याच्या दुरुस्तीसाठी किती धरले आहे, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही सदस्याने हात वर करू नये.

एकट्या सदस्याच्या बोलण्याने काय होणार, असे नव्यांना वाटेल. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताला पालिकेचे एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. ठराव मंजूर झाला, पैसे खर्च झाले. आज ती सभा आठवते ती त्या एका मतामुळे.

आणि चांगला ठराव झाला म्हणून काम संपले, असे वाटणाऱ्यांनी महाड आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. एका लहान गावच्या पालिकेने तेव्हा केवढे धाडस दाखवले! पण पुढची तीन वर्षे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्याला अर्थ आला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच पालिकेने आपला ठराव मागे घेतला. मार्च २०२७ मध्ये त्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. आपल्या गावात गटारात कोण उतरते आणि त्याची जात कोणती, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. किमान वेतन दिले जाईल, अशी अट आजही प्रत्येक निविदेत छापलेली असते.

म्हणून आम्ही मोठे काही मागत नाही. सफाईच्या ठेक्याचे दरपत्रक, त्यात एका माणसामागे किती वेतन धरले आहे तो आकडा आणि मागच्या महिन्यात त्याच्या बँक खात्यात प्रत्यक्ष किती जमा झाले तो आकडा, हे तीन कागद अंदाजपत्रकाला जोडावेत. निविदेत मजुरीचा भाग कमी दराच्या चढाओढीतून वगळावा. आणि यासाठी घरपट्टीत थोडी वाढ लागणार असेल, तर नगराध्यक्षांनी ती लोकांना कारणासह सांगावी. गावातले लोक समजूतदार आहेत. पोरांच्या शाळेसाठी, देवळासाठी, पाणी आणण्यासाठी त्यांनी वर्गणी काढलेली आहे. हिशेब समोर ठेवला की ते याही वेळी मागे हटणार नाहीत.

एक बारीक सूचना सभेच्या वेळेबद्दल. अंदाजपत्रकाच्या सभा बहुधा सकाळी अकराला ठेवतात. सभागृहात मागे नागरिकांसाठी काही खुर्च्या असतात आणि त्या रिकाम्या राहतात. सफाईची पाळी बहुतेक गावांत दुपारी संपते. सभा तीन वाजता घ्यावी. घंटागाडी शेडमध्ये लावून, हातपाय धुऊन, कामगारांना तिथे येऊन बसता येईल आणि आपल्या पानावर काय बोलले जाते ते ऐकता येईल.