मैदानाच्या दारीं मोबाईल

खेळ पाहावयास जावें तर पूर्वीं एक तिकीट पुरत असे. दारवानानें तें फाडलें कीं प्रेक्षक आंत जाई. काल तो कोणाशीं बोलला याची पृच्छा कोणी करीत नसे. अलीकडे मोठ्या सामन्यांच्या ठिकाणीं तिकिटाबरोबर यजमानांचें ॲपही मोबाईलमध्यें घ्यावें लागतें. त्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावे असें वाटतें.

सन २०२२ च्या अखेरीस कतारमध्यें फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. तेथें प्रत्येक तिकीटधारकास ‘हय्या’ नांवाचा परवाना लागे. देशांत शिरण्यास, मैदानांत जाण्यास व मेट्रोनें विनामूल्य फिरण्यास तोच चाले. सोय मोठी खरी. परंतु जर्मनीच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनीं प्रवाशांस बजाविलें कीं, हय्याचें ॲप व तेथील दवाखान्यांत जाण्यास लागणारें ‘एहतेराज’ हें ॲप, हीं दोन्ही बहुधा सांगतात त्याहून अधिक माहिती घेतात. घेणें भागच पडलें तर निराळा, रिकामा मोबाईल वापरावा. त्याच वर्षीं बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठीं ‘माय २०२२’ हें ॲप आवश्यक होतें. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनें दाखवून दिलें कीं, त्यांत भरलेला पारपत्राचा व प्रकृतीचा तपशील वाटेंतच परक्याच्या हातीं पडूं शकेल.

यंत्र बिघडतें तेंही ध्यानांत घ्यावें. कतारांत २१ नोव्हेंबर रोजीं इंग्लंड-इराण सामन्याच्या वेळीं तिकिटांचें ॲप अडलें, आणि पैसे भरलेले कित्येक प्रेक्षक दाराबाहेर तिष्ठत राहिले.

गर्दीचें नियमन, खोट्या तिकिटांचा बंदोबस्त, साथीच्या दिवसांतील खबरदारी, हीं यजमानांचीं कारणें खोटीं नव्हेत. म्हणून ॲप मुळींच नको, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु नाहीं म्हणण्याची मोकळीक असेल तरच होकाराला अर्थ असतो. वर्षभर पैसा सांठवून हजारों मैल आलेल्या मनुष्यास, ‘मान्य कर, नाहीं तर परत जा,’ असें दारांत सांगून घेतलेली संमति ही संमति नव्हे. ती अडवणूक होय.

यजमानांनीं तीन नियम पाळावे. प्रवेशास लागेल तेवढेंच विचारावें. सामने संपतांच घेतलेली माहिती पुसून टाकावी. आणि ज्याच्यापाशीं असा मोबाईल नाहीं, त्या वृद्धास वा गरिबास कागदी तिकिटाचा मार्ग मोकळा ठेवावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. दाराबाहेर काढून ठेवावयास तो कांहीं पायांतला जोडा नव्हे.

मुलांनो, उद्यां तुम्हीही मोठे सामने पाहावयास जाल, जरूर जा. मात्र ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वीं, आपण काय देत आहों हें वडिलांजवळ बसून एकदां वाचा. जें मागण्याचें कारण कोणी सांगत नाहीं, तें देण्याची घाई करूं नका.