प्रत घेतली, पण ताळा केला का?

प्रयोगशाळेतील प्रत्येक उपकरणाची नोंद ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये असते. आमच्या महाविद्यालयात ही नोंद संगणकावर, पोस्टग्रेसक्यूएल या प्रणालीत ठेवली जाते. तिची प्रत आम्ही दर शनिवारी न चुकता घेत असू. एकदा संगणक बदलला, म्हणून त्या प्रतीवरून माहिती नव्या संगणकात भरू लागलो, तर विद्युत उपकरणांचा तक्ता रिकामाच राहिला!

असे का व्हावे? या प्रणालीत एका तक्त्यापासून दुसरा तक्ता निर्माण करता येतो. ‘उपकरणे’ हा जनक, तर ‘विद्युत उपकरणे’ हे त्याचे अपत्य. जनकाचे रकाने आणि काही नियमही अपत्याकडे वारशाने येतात. ‘खरेदीची तारीख रिकामी नसावी’ हा असाच एक नियम. पण आमचे दोन जुने व्होल्टमीटर देणगीत मिळालेले. त्यांना खरेदीची तारीख कोठून असणार? म्हणून कोणीतरी तो नियम अपत्यापुरता काढून टाकला होता. प्रत घेणाऱ्या पीजी-डंप या आज्ञावलीने मात्र एवढेच लिहून ठेवले, की जनकापासून अपत्य तयार करावे. साहजिकच नव्या संगणकावर अपत्य जन्मले ते नियम घेऊनच! माहिती भरताना तक्त्याच्या सर्व ओळी एकदम स्वीकारल्या जातात, नाहीतर एकही नाही. दोन ओळींपायी सगळ्याच नाकारल्या गेल्या.

जुना संगणक अजून चालू होता, म्हणून निभावले. ‘एखादी तारीख टाकून द्या,’ असे कोणी सुचवले. मला ते मान्य नव्हते. न घेतलेले वाचन प्रयोगवहीत लिहिण्यासारखेच ते झाले असते. आम्ही जनकावरील नियम काढला आणि ज्या तक्त्यांना तो हवा, त्यांना स्वतंत्रपणे लावला. मग घेतलेली प्रत बिनचूक भरली गेली. २०२५ साली आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून अपत्याला असा वारशाचा नियम परस्पर झुगारता येत नाही, हे योग्यच झाले.

तथापि प्रणाली सुधारली तरी सवय आपणच लावून घ्यायची आहे. प्रत घेताना एकही चूक दिसली नव्हती. ती दिसली प्रत भरताना. म्हणून माझे मत असे, की दुसऱ्या संगणकावर भरून, ओळी मोजून पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रतीवर विसंबू नये. गणिताचा ताळा करतो, तसाच हाही ताळा. तुमच्या शाळेच्या निकालांची प्रत अशी पडताळली आहे का, हे आपल्या शिक्षकांना अवश्य विचारा.