गौरीच्या गळ्यातलं व्हेनिस

जुन्या नाण्यांच्या लिलावाच्या याद्या वाचायची मला खोड आहे. बोली लावायची ऐपत नाही, पण वाचायला कुठे पैसे पडतात! या याद्यांत सोन्याच्या नाण्याखाली बारीक अक्षरांत एक शेरा वारंवार येतो : ‘वरच्या बाजूस कडी लावल्याची खूण’. शेरा आला की भाव उतरला. कडी काढून तो डाग कुणी घासून सारखा केला असेल, तर आणखी उतरला. नाणं कसं टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं हवं, हा संग्राहकांचा हट्ट मला समजतो. पण सतराव्या शतकातलं युरोपचं सोनं महाराष्ट्रात टिकलं ते बहुतेक या कडीमुळेच. ती लागली नसती तर ते केव्हाच कुणाच्या तरी मुशीत गेलं असतं.

लालबागमध्ये हे सोनं बघायला संग्रहालयाच्या काचेपाशी जावं लागत नाही. भाद्रपदात सगळी मुंबई लालबागच्या राजाच्या, म्हणजे इथल्या गणपतीच्या, रांगेत उभी असते, तेव्हा चाळींच्या आतल्या खोल्यांमध्ये गौरी सजत असतात. वर्षभर लॉकरमध्ये पडलेले दागिने तेवढे दिवस उजेडात येतात. आमच्या मजल्यावरच्या काकू मालवणकडच्या. त्यांच्या गौरीच्या गळ्यात वर ठुशी, मग बोरमाळ आणि सगळ्यांत खाली पुतळ्यांची माळ, लाल रेशमात गाठवलेली. मी भिंग काढून जवळ वाकलो तशा काकू वैतागल्या.

“अरे, देवीक असा काय बघतंस?”

“काकू, पुतळीवर कोण आहे ते बघतोय.”

“लक्ष्मी आसा ती. माझी सासू सांगायची.”

सासूबाईंच्या शब्दाला आव्हान देण्याची ती जागा नव्हती. भिंगाखाली मात्र लांब झग्यातला एक दाढीवाला उभा होता, त्याच्यासमोर दुसरा गुडघे टेकून बसला होता आणि दोघांच्या मध्ये निशाणाचा दांडा होता. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिस शहराचा रक्षक. गुडघ्यावर आहे तो डोज, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा तहहयात निवडलेला प्रमुख. पुतळी उलटली की ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. हे सगळं गौरीच्या गळ्यात गेली कित्येक वर्षं सुखाने नांदतं आहे.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. तो १२८४ मध्ये पहिल्यांदा पाडला गेला आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत चालू राहिला. पाचशेहून जास्त वर्षांत त्याचं चित्र बदललं नाही, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास राहिलं, म्हणजे आपल्या हिशेबात साडेतीन मासे, आणि सोनं जवळजवळ शुद्ध. व्हेनिसला नवं चित्र काढणारे कलावंत मिळत नव्हते असं कोण म्हणेल? पण त्या व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की कैरोचा, मोखाचा, सुरतेचा माणूस लॅटिन वाचणार नाही, तो चित्र ओळखणार आणि कस लावणार. चित्र बदललं की संशय आणि संशय आला की बट्टा. मोखाच्या बंदरात कॉफी घ्यायला आलेल्यांचं हे सोनं तिथे कापडाच्या मोबदल्यात आपल्या व्यापाऱ्यांच्या हाती पडे आणि पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने पश्चिम किनाऱ्याला लागे. शिवछत्रपतींच्या खजिन्यातल्या नाण्यांची जंत्री सभासदाने बखरीत दिली आहे. त्यात मोहरा आणि नाना तऱ्हांचे होन यांच्या जोडीला पुतळ्याही आहेत.

चित्र एकच असल्यामुळे पुतळीचं साल कळायला एकच वाट आहे, गुडघे टेकलेल्या माणसाच्या पाठीमागे वरून खाली लिहिलेलं डोजचं नाव. काकूंच्या माळेतल्या बहुतेक पुतळ्या इथल्याच सोनारांच्या हातच्या. अक्षरांच्या जागी नुसत्या काठ्या आणि टिंबं. सोनाराला वाचता येत नव्हतं, पण सोनं त्याने चोख घातलं होतं. एका झिजलेल्या पुतळीवर मात्र नाव लागलं : दोमेनिको कोंतारिनी. हा गृहस्थ १६५९ च्या ऑक्टोबरात डोज झाला. पुढच्याच महिन्यात प्रतापगडाखाली अफझलखान पडला. १६७५ च्या जानेवारीत कोंतारिनी वारला तेव्हा रायगडावरचा राज्याभिषेक होऊन सात-आठ महिने झाले होते. शिवाजी महाराजांनी आणि कोंतारिनीने एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी पुतळीला हळदकुंकू लावलं आणि मला घावन वाढलं.

आता या पुतळीची कडी ‘दोष’ कशी म्हणायची? ती लावली नसती तर कोंतारिनी लालबागला आलाच नसता. लिलाववाल्यांनी तो शेरा खुशाल लिहावा, पण हलक्या खिशाच्या गिऱ्हाइकाला त्याचा फायदा होतो एवढंच सांगतो.

चांदीच्या नशिबी अशी कडी नव्हती. स्पेनने अमेरिकेतल्या खाणींतून, विशेषतः पोतोसीच्या डोंगरातून, जी चांदी उपसली तिची आठ रेआलची नाणी गोण्या भरभरून हिंदुस्थानात आली. डचांची सिंहछाप नाणीही आली. पण मोगली मुलखात परक्या नाण्याला नाणं म्हणून किंमत नसे. ते सुरतेच्या टाकसाळीत द्यायचं, तिथे ते वितळायचं आणि बादशहाच्या नावाचे रुपये होऊन बाहेर पडायचं. त्यामुळे पेरू-मेक्सिकोची किती चांदी औरंगजेबाच्या रुपयांत मुरली आहे, ते कुणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही. कोकणच्या बंदरांत चालणारी लारीही अशीच बरीच नाहीशी झाली. मूळची इराणकडची, चांदीच्या तारेचा तुकडा दुमडून बारक्या चिमट्यासारखा केलेला, त्याच्यावर छाप. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही लाऱ्या पाडल्या. नवशिक्याच्या हातात दिली तर तो तिला नाणं म्हणणार नाही.

सोनं वितळायचं राहिलं होतं, ते आमच्याकडे १९८२ मध्ये वितळलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात गिरणगावातल्या बायकांच्या अंगावरचं किती सोनं उतरलं, त्याची नोंद कुठल्याही नाणेसंग्रहात नाही. आमच्या घरची माळ आधी गहाण पडली, मग मोडीत गेली. तिच्यातल्या एखाद्या पुतळीवर नाव होतं का, हे बघायची ती वेळ नव्हती. घरात रेशन भरायचं होतं.

खुद्द मुंबईची नाणी ही वेगळीच गंमत. सतराव्या शतकात लालबाग-परळच्या बाजूला माड आणि भातखाचरं. आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे जेझुइट पाद्र्यांचं ठाणं. बाजारात गोव्याची कथलाची-तांब्याची बझारुकं आणि हिशेब पोर्तुगीजांच्या शेराफीनमध्ये. इंग्रज आले तरी हिशेब तोच : गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७२ मध्ये इथल्या जमीनधारकांशी जो करार केला त्यात दरसाल २०,००० शेराफीन ईस्ट इंडिया कंपनीला द्यायचे ठरले. त्याच सुमारास आँजियरने टाकसाळ काढली. चांदीच्या नाण्याला नाव दिलं अँग्लिना, तांब्याच्या नाण्याला कॉपरून, कथलाच्याला टिनी. १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाची रीतसर सनद आली आणि पुढे ‘द रुपी ऑफ बॉम्बेम’ असं इंग्रजीत लिहिलेला रुपया निघाला. अक्षर सुरेख, चांदी बरी, पण बेटाबाहेर त्याला कोण विचारतो!

बाहेर विचारावं म्हणून इंग्रजांनी सनदेच्या आधीच खटपट केली होती, ती रायगडावर. राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या तहाच्या मसुद्यात एक कलम होतं की आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं. महाराजांच्या दरबारातल्या निराजीपंतांमार्फत जे उत्तर आलं ते मला त्या सबंध वकिलातीतलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. महाराजांचं म्हणणं असं की कलमाची गरज नाही. कुठलंही नाणं आम्ही अडवत नाही, पण ज्यात रयतेला तोटा तो पैसा घ्यायची जबरदस्तीही करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मोगलांच्या नि इतरांच्या नाण्याइतकं उतरलं तर आपोआप चालेल. यात कुठे स्वाभिमानाची गर्जना नाही, सराफाचा रोखठोकपणा आहे. औरंगजेबाच्या दरबाराला मात्र तेवढा निवांतपणा जमला नाही. मुंबईत इंग्रज आपल्या राजाच्या नावाचे रुपये पाडतात, म्हणून मोगल इतिहासकार खाफीखान पुढे आपल्या ग्रंथात दात-ओठ खातो.

महाराजांची स्वतःची नाणी, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सोन्याचा होन आपल्यासारख्यांनी संग्रहालयातच बघावा. चोरबाजारात कुणी रुमालातून काढून दाखवला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. तांब्याची शिवराई मात्र अजून गरिबाच्या आवाक्यात आहे. ती पेशवाईत आणि नंतरही पाडली गेली, इंग्रजी अमलात खेड्यांतून चालत राहिली. दोन आडव्या रेघांची दुदांडी काही शे रुपयांत मिळते. ती महाराजांच्या काळची नव्हे, हे विक्रेता सांगणार नाही. नवशिक्याने अक्षराची वळणं बघायला शिकावं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट असतात आणि काठावर जोडाची बारीक रेघ सापडते. शिवाय ‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ असा निरोप फोनवर आला तर तो ताबडतोब पुसावा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून लोकांना या टोळ्यांपासून सावध केलं होतं, तरी लोक ‘कमिशन’ भरतातच.

कायद्याचंही सांगून टाकतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. गावी घर बांधताना पायात नाण्यांचं गाडगं लागलं, तर १८७८ पासूनच्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचं असतं. आमच्या कोकणी मंडळींना हे ऐकवलं की सगळे अचानक दुसरीकडे बघतात.

विसर्जनानंतर लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा लिलाव होतो. मुकुट, मोदक, हार, पावलं. त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाकडे एक डोळा ठेवून बोली चढते. नवस फेडताना कुणी आजीची सुटी पुतळी वाहिली असेल, तर तीही ग्रॅममध्येच मोजली जाणार. मंडळाने काट्याशेजारी भिंगवाला एक माणूस बसवावा. मानधन नको, चिवडा गल्लीतला पावभर चिवडा आणि कटिंग चहा एवढ्यावर यायला आमच्यातले पुष्कळजण तयार आहेत.