तब्येतीचं कारण सांगून मुलीची शाळा सोडवू नका

दवाखान्यात एक प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकू येतो. "डॉक्टर, हिची तब्येत ही अशी. यंदा शाळा बंदच केली तर चालेल ना?" कधी तो प्रश्न असतो, कधी निर्णय झालेला असतो आणि त्यावर फक्त डॉक्टरची मान हलायला हवी असते. मुलगा आजारी असला की हेच आईवडील म्हणतात, "शाळा बुडतेय, लवकर बरं करा." आजार तोच, डॉक्टरही तोच. मग मागणी उलटी का?

तुम्ही मुलीचे वाईट चिंतता असं मी म्हणत नाही. काळजी खरी असते. पण तब्येतीची सबब ही फार जुनी आहे आणि ती रूढ करायला आम्हा डॉक्टरमंडळींचाच हातभार लागला आहे. १८७३ साली अमेरिकेत हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते. पुस्तक भरपूर खपलं. मेरी पटनम जेकोबी या डॉक्टर बाईंनी मग प्रत्यक्ष स्त्रियांकडून माहिती गोळा केली, पाळीच्या काळातल्या विश्रांतीवर निबंध लिहिला आणि या समजाला आधार नसल्याचं दाखवून दिलं. त्या निबंधाला १८७६ साली हार्वर्डचंच बक्षीस मिळालं! दीडशे वर्षं होत आली तरी "अभ्यासाचा ताण हिला झेपणार नाही" हे वाक्य काही आपल्या घरातून गेलेलं नाही.

तेव्हा ज्या कारणांसाठी मुलींना घरी बसवतात, ती कारणं वैद्यकीय आहेत का, ते आता पाहू.

"हिचं डोकंच चालत नाही"

हे मी सर्वांत जास्त ऐकतो. वर्गात झोपते, लक्षात राहत नाही, दोन जिने चढली की धाप लागते. मग घरच्यांचं म्हणणं, शिकून काय करणार, घरकाम तरी शिकेल. अशा मुलीची मी आधी पापणी खाली ओढून बघतो. ती बहुतेक वेळा पांढुरकी असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा मुलींमागे सहा. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आपल्याकडे ९ असलं तरी "बायकांचं एवढंच असतं" म्हणून सोडून देतात. एवढंच नसतं. लोह फक्त रक्ताला लागत नाही, मेंदूलाही लागतं. ते कमी पडलं की लक्ष लागणं, आठवणं, चटकन उत्तर सुचणं, सगळंच मंदावतं. मुलगी ढ नसते. तिच्या अंगात लोह नसतं.

आणि ते का नसतं? वयात येताना उंची झपाट्याने वाढते, त्यात पाळी सुरू होते, म्हणजे गरज दुहेरी. नेमक्या त्याच वयात ती आईबरोबर सगळ्यांच्या मागून जेवायला बसू लागते आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं वाढून घेते. डाळीतली डाळ भावाच्या ताटात, पाणी हिच्या. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं मात्र रोज.

उपचार अगदी स्वस्त आहे. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी फुकट मिळते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. जंताची गोळीही शाळेतच मिळते. आता बघा, शाळा सोडली की तिचा हा औषधोपचारही सहज सुटतो, आणि अशक्तपणा तर शाळा सोडण्याचं कारण होतं! रक्तक्षय ठरलेला असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज, निदान तीन महिने घ्यावी लागते. जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी होते. शौचाला काळं होईल, घाबरू नका. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. महिन्याभरात हिमोग्लोबिन वाढलेलं दिसायला हवं. नाही वाढलं तर कारण वेगळं आहे. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांतल्या मुलींची सिकलसेलची तपासणी तर आधीच करून घ्यावी. सिकलसेल असलेली मुलगीसुद्धा औषधं घेत, पाण्याची बाटली जवळ ठेवून शाळेत जाऊ शकते.

"ते चार दिवस"

कावळा शिवला म्हणून बाजूला बसायचं, हे शहरात कमी झालं असेल, पण "त्या दिवसांत शाळा नको" हे फारसं कमी झालेलं नाही. साधा हिशेब करा. महिन्याला चार दिवस, शाळेचे दहा महिने, झाले चाळीस दिवस. सहावी ते आठवीला कायद्याने २२० दिवस शाळा भरायला हवी. त्यातले चाळीस गेल्यावर गणित मागे पडणारच. पुढे "हिला गणित जमत नाही" हे ठरलेलंच.

पोटात दुखतं हे खरं. गर्भाशय आकसताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्याने कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही रसायनंच कमी करतात. म्हणून दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नये, सुरू होताच खाऊन गोळी घ्यावी. दमा, आम्लपित्ताचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. "गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही" ही समजूत निखालस खोटी आहे. दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल किंवा गोळीनेही दुखणं थांबत नसेल, तर तपासायला आणा. शाळेतून काढू नका.

इथे शाळेलाही बोलायला हवं. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली अट आहे. पण ते कुलूपबंद असतं, किंवा नळाला पाणी नसतं. मग मुली काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, ताप, बद्धकोष्ठ घेऊन अशा मुली माझ्याकडे येतात, आणि प्रतिजैविकाची पट्टी लिहून देताना मला ठाऊक असतं की खरा इलाज शाळेच्या नळात आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ती समिती म्हणजे तुम्हीच आहात. पुढच्या सभेला जाऊन कुलपाची किल्ली मागा.

फिट येणारी मुलगी

फेफरं येणाऱ्या मुलीची शाळा सर्वांत लवकर सुटते. "वर्गात पडली तर गावभर होईल, मग लग्न कसं जमणार?" म्हणजे भीती झटक्याची नसते, बोभाट्याची असते. नियमित औषधाने दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात. लपवालपवीत मात्र गोळ्या चुकतात आणि झटके वाढतात. शिक्षकांना स्पष्ट सांगा: झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा. एवढं कळलेला वर्ग तिच्यासाठी घरापेक्षा कमी सुरक्षित नाही. दुपारी घरी एकटी चुलीपुढे बसलेली अशी मुलगी जास्त धोक्यात असते.

आणि मग लग्न

शाळा सुटली की वर्ष-दोन वर्षांत स्थळं येतात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर कोयता जोडीने मोजतात, नवरा-बायको मिळून एक. मागे गावात मुलगी कुणाकडे ठेवायची हाही प्रश्न असतो. तो प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर हंगामी वसतिगृह असायला हवं, मंगळसूत्र नव्हे.

सोळाव्या वर्षीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येणं, बाळ अडणं, कमी वजनाचं बाळ जन्मणं, या सगळ्यांचा धोका वाढतो. त्यात आधीचा रक्तक्षय असतोच. अशी मुलगी तपासायला आणताना घरचे हळूच म्हणतात, "वय एकोणीस लिहा." नाही लिहिणार. अठराखालची गर्भवती आली तर पोलिसांना कळवणं कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्या भीतीने तिला दवाखान्यातच न आणणं हे तर जिवाशी खेळणं झालं.

कुणी आनंदीबाई जोशींचं उदाहरण देतात. शिकली, डॉक्टर झाली, आणि बाविशीच्या आत गेली, काय उपयोग? आनंदीबाई शिक्षणाने गेल्या नाहीत, क्षयाने गेल्या, १८८७ साली, जेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. शिक्षण त्याच्या नंतरचं.

उपयोगच विचारत असाल तर हा आकडा पाहा. जगात १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंत जी घट झाली, तिच्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा स्त्रियांचं शिक्षण वाढल्याचा होता, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०१० साली प्रसिद्ध झाला. माझ्या कपाटात एवढं गुणकारी दुसरं औषध नाही.

आता कामाचं. मे महिन्यात मुलीचं हिमोग्लोबिन आणि डोळे तपासून घ्या. "चष्मा लागला तर स्थळ येणार नाही" म्हणून फळा न दिसणारी मुलगी तशीच बसवू नका. शाळा लांब असेल तर गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुख्याध्यापकांकडे विचारा. ओळखीत कुठे अठराच्या आत लग्न ठरत असेल तर १०९८ वर फोन करा. ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही सांगता येतं.

शाळा सोडवण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागायला येणार असाल, तर मुलीला बरोबर आणा. मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तपासेन आणि बहुतेक वेळा दुसरंच प्रमाणपत्र लिहीन, ती शाळेत जाण्यास योग्य असल्याचं. त्याचे मी पैसे घेत नाही.