एडिटर बंद केल्यावर उरतो तो कोड

तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून ज्या अमळनेरात उभे आहे, तिथे वाद घालायचा तर पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडायला हवा. तो असा: माऊस नेला की एडिटर व्हेरिएबलचा टाइप दाखवतो, एका कळीवर फंक्शनची व्याख्या उघडतो, लांबलचक फाइल मिटवून ठेवतो. मग टाइप लिहा, नावे बोलकी ठेवा, फंक्शन आटोपशीर ठेवा, हा आग्रह कशाला? आणि शैली तर साधनांनीच घडवत आणली आहे. ओळीत ८० अक्षरांचा दंडक आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डातूनच आला.

पूर्वपक्ष हंगेरियन नोटेशनचाही दाखला देईल. व्हेरिएबलच्या नावाआधी टाइपची अक्षरे जोडण्याची ही पद्धत विंडोजच्या काळात फोफावली. एडिटर टाइप दाखवू लागले आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट मार्गदर्शिकेने ती नको म्हटले. पण त्यात गमावले काय? टाइप घोषणेत लिहिलेलाच होता, नावात त्याची फक्त पुनरुक्ती होती. ती गेली तरी माहिती कोडमध्येच राहिली. आजचा आग्रह वेगळा आहे. माहिती कोडमधून काढायची आणि एडिटरने ती शोधून दाखवायची, असा तो आहे. हे मला मुळीच मान्य नाही.

कारण कोड एडिटरबाहेरही वाचला जातो. रिव्ह्यू ब्राउझरमध्ये होतो, तिथे बहुधा दिसतो तो नुसता डिफ. मध्यरात्री सर्व्हर कोसळला की हाताशी असतो साधा व्हीआय. आणि अमळनेरहून जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलीकडे तो जड एडिटर धड उघडतही नाही. टीममध्ये तिचा हक्क इतरांएवढाच आहे. तिच्या यंत्राच्या किमतीवर तिची समज ठरावी, हा अन्याय आहे.

यंत्राला काम द्यावेच, पण मांडणीचे. गो भाषेचा गोफमट टॅब, रिकाम्या जागा स्वतः लावतो आणि तो कोणत्याही एका एडिटरचा मिंधा नाही. ते भांडण तिथेच मिटते. एडिटर सोयीने करून देतो म्हणून बरोबरीची चिन्हे एका रांगेत आणणे मात्र टाळा: एक नाव लांबले की दहा ओळी हलतात आणि डिफमध्ये खरा बदल बुडतो.

टीमने नवा नियम करण्याआधी त्या नियमाने लिहिलेली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडावी आणि सर्वांत नव्या सहकाऱ्याला वाचायला द्यावी. तो सहकारी अडला, तर नियम मागे घ्यावा.