टोपणनाव म्हणजे लबाडी नव्हे



‘एका माणसाला दोन खाती कशाला?’ हे पत्र वाचले. सोशल मीडियावर दोन खाती ठेवणारा काहीतरी लपवतो, हा त्यातला सूर मुळीच पटला नाही. मी शिक्षिका आहे. माझ्या कविता टोपणनावाच्या इन्स्टाग्राम खात्यावर असतात. पालकांसाठी वेगळा नंबर आहे. तो घेण्याआधी रात्री अकरालाही ‘मॅडम, उद्या गणवेश कुठला?’ असे मेसेज येत. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’, तर विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहीत. त्यात कसली लबाडी? तोतयेगिरी करून फसवणाऱ्यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड आहेच. त्यांना जरूर शिक्षा व्हावी. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला आहे. म्हणून पालकांनो, मुलींनी खासगीपणासाठी वेगळे खाते ठेवले असेल, तर ते बंद करायला लावू नका.

– एक शिक्षिका, सातारा